बाहुली विकली जाते, ‘मित्र’ नाही: पॅरिसमधल्या होपी लिलावाचं प्रकरण

१२ एप्रिल २०१३, शुक्रवार. पॅरिसच्या द्रुओ लिलावघरात त्या दिवशी सत्तर मुखवटे विकायला मांडले होते. मालक एक फ्रेंच संग्राहक, नाव गुप्त. बरीच वर्षं अमेरिकेत राहून त्याने ते गोळा केलेले. विक्री थांबवावी म्हणून केलेला अर्ज न्यायालयाने काही तासांपूर्वीच फेटाळला होता, त्यामुळे बोली सुरू झाली. दालनात निषेध करणारे होते. पॅरिसमध्ये शिकायला आलेला एक होपी तरुणही होता. ‘काकमाता’ म्हणून ओळखला जाणारा मुखवटा १ लाख ६० हजार युरोंना गेला, आधी लावलेल्या अंदाजाच्या दुप्पट भावाने. विक्री संपली तेव्हा एकूण आकडा सुमारे ९ लाख ३० हजार युरोंवर पोचला होता.

या सत्तरांना होपी लोक, म्हणजे अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातले मूलनिवासी, वस्तू समजत नाहीत. त्यांच्या भाषेत यांना शब्द आहे क्वात्सी, आणि क्वात्सी म्हणजे मित्र. मी पुढे ‘मुखवटा’ लिहिणार आहे तो नाइलाजाने. होपींना तो शब्द खटकतो, कारण मुखवटा म्हटलं की मागे कुणीतरी सोंग घेऊन उभं आहे असा अर्थ निघतो. ते कसे दिसतात याचं वर्णनही मी करणार नाही. होपींचा आक्षेप विक्रीला जितका आहे तितकाच फोटो आणि चित्रं छापण्यालाही आहे, आणि तो पाळायला आपलं काही जात नाही.

तरी हे प्रकरण मी मांडतोय ते बाहुल्या जमवणाऱ्यांसाठी. कारण इंग्रजीतून जगभर गेलेल्या ‘कचिना’ या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. (होपी भाषेत ‘च’चा उच्चारच नाही, मूळ शब्द कत्सिना, अनेकवचन कत्सिनम.) पहिली गोष्ट म्हणजे स्वतः कत्सिना: पाऊस, धान्य, प्राणी, पूर्वज यांच्याशी जोडलेली शक्ती. दुसरी, समारंभात तिच्या प्रत्यक्ष येण्याशी बांधलेला तो ‘मित्र’. तिसरी, तिच्या रूपात कोरलेली लाकडी बाहुली, तिहू. तिहू उघडपणे विकत घेता येते, होपी कारागीर स्वतः विकतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ‘मित्र’ मात्र कुणालाच विकता येत नाही, तो सांभाळणाऱ्या होपी माणसालाही नाही. पॅरिसमध्ये जे घडलं ते सगळं या एका फरकाभोवती घडलं. आधी बाहुलीकडे जाऊ, कारण बाजार काय काय करतो हे तिच्यावरच नीट दिसतं.

पाण्याचं लाकूड

होपींची गावं ईशान्य अ‍ॅरिझोनात, तीन पठारांच्या कडांवर आणि पायथ्याशी वसली आहेत. चहूबाजूंनी नवाहो या दुसऱ्या मूलनिवासी जमातीचा राखीव प्रदेश. ओराइबी हे गाव बाराव्या शतकापासून सलग नांदतं आहे. अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या वस्त्यांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. पाऊस वर्षाला दहा इंचांच्या आसपास, म्हणजे आपल्या माणदेशात पडतो त्याच्या निम्मा. नदी नाही, कालवा नाही, आणि पीक मक्याचं. अशा ठिकाणी धर्माचा सगळा जीव पावसात अडकलेला असणार हे मराठी माणसाला फोड करून सांगायला नको.

कत्सिनम हिवाळ्यात अयनांताच्या सुमारास येतात आणि जुलैपर्यंत गावांत राहतात. मग निमान नावाच्या सणाला त्यांना निरोप दिला जातो आणि ते फ्लॅगस्टाफजवळच्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांवर आपल्या घरी परततात. अ‍ॅरिझोनातलं सर्वांत उंच शिखर याच रांगेत आहे, आणि उन्हाळ्यात ढग तिथेच जमताना दिसतात. फेब्रुवारीत पोवामुया हा सण येतो. त्या वेळी किव्हात, म्हणजे जमिनीत खोल बांधलेल्या धर्मखोलीत, उबेवर शेंगांचे दाणे रुजवतात. बाहेर थंडी, आत हिरवे कोंब. आपल्याकडे घटस्थापनेला घटाभोवती धान्य पेरणाऱ्यांना हे दृश्य अगदी परकं वाटणार नाही.

या दोन सणांना मुलींना तिहू मिळते. मुलीच्या लेखी ती कत्सिनांनी आणलेली भेट असते. तान्ह्या मुलीला आधी चपट्या फळीसारखी बाहुली मिळते, जिला हातपाय जवळजवळ नसतातच; पुढे मोठी होईल तशा अंगाने भरलेल्या बाहुल्या येतात. भातुकलीत घ्यायची ही बाहुली नव्हे. तिच्या गळ्याला दोरी बांधून ती भिंतीवर किंवा आढ्याच्या वाशाला टांगतात. मूल झोपल्या झोपल्या तिच्याकडे बघतं, कुठल्या कत्सिनाच्या कानाला काय, कोणत्या गालावर कोणती खूण, हे हळूहळू ओळखायला शिकतं. कत्सिना अडीचशेच्या वर आहेत; एवढं पाठ्यपुस्तक घरातल्या भिंतीवर टांगलेलं.

लाकूड कॉटनवूडच्या मुळाचं. हे झाड पॉप्लरच्या कुळातलं, ओढ्याकाठी वाढणारं, आणि त्याची मुळं पाणी शोधत दूर जातात. होपी त्या मुळाला पाको म्हणतात, त्यात पाणी आणि लाकूड हे दोन्ही शब्द आहेत. पुराने उघडी पडलेली किंवा वाहून आलेली मुळं गोळा करायची, नीट वाळवायची, मग चाकू, कानस आणि वाळूच्या दगडाने आकार द्यायचा. वर पांढऱ्या मातीचा हात, त्यावर खनिज रंग. मूळ हलकं आणि मऊ असतं, बाहुली हातात घेतल्यावर वजन जाणवत नाही. जुनी बाहुली पारखणारे आधी ती उचलून बघतात, यामागे हेच कारण.

दोरी सुटली, बैठक आली

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात पहिल्या होपी बाहुल्या पोचल्या त्या १८५७ मध्ये. खरी रीघ लागली ती १८८०च्या दशकात रेल्वे आल्यावर. मेनोनाइट पंथाचा मिशनरी हाइनरिख व्होथ १८९३ मध्ये ओराइबीला आला, होपी भाषा शिकला, किव्हात शिरून नोंदी घेतल्या, फोटो काढले, आणि शिकागोच्या फील्ड संग्रहालयाला हजारो वस्तू मिळवून दिल्या. धर्म बुडवायला आलेल्या माणसानेच त्या धर्माचा सर्वांत मोठा साठा जमवला. त्याने बांधलेल्या चर्चवर पुढे वीज पडली. भग्न भिंती अजून उभ्या आहेत, आणि होपींनी त्या पाडायची तसदीही घेतलेली नाही.

१९०५ मध्ये फ्रेड हार्वे कंपनीने ग्रँड कॅनियनच्या कडेवर ‘होपी हाउस’ उभारलं. होपी घरासारखं बांधलेलं दुकान, आत होपी कारागीर कामाला बसलेले, प्रवासी बघताहेत आणि विकत घेताहेत. इथून पुढे बाहुलीचं गिऱ्हाईक बदललं. आढ्याला टांगायची बाहुली आता दिवाणखान्यातल्या फडताळावर ठेवायची होती, आणि त्यासाठी ती पायांवर उभी राहायला हवी. पाय मोठे झाले, मग खाली लाकडाची बैठक आली. पूर्वीचे पोटाशी घट्ट धरलेले हात सुटले, गुडघा वाकला, बाहुली नाचाच्या ऐन गिरकीत थबकल्यासारखी दिसायला लागली. संग्राहक अशांना ‘अ‍ॅक्शन’ बाहुल्या म्हणतात. तिहूच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल कुणी विचारला तर मी दोरी सुटली आणि बैठक आली असंच सांगेन. गळ्याला जुन्या दोरीची खूण असलेली आणि बैठक नसलेली बाहुली घरासाठी केलेली असण्याचा संभव अधिक. अर्थात हे कळल्यापासून नव्या बाहुल्यांनाही जुन्या दोऱ्या बांधणारे निघालेच.

सहीचंही तसंच. कत्सिनाच्या रूपावर माणसाने आपलं नाव घालायचं ही कल्पना होपींना पटण्यासारखी नव्हती. फ्लॅगस्टाफच्या नॉर्दर्न अ‍ॅरिझोना संग्रहालयात काम करणारे जिमी केवानवितेवा यांनी विकायच्या बाहुल्यांवर आपली आद्याक्षरं घालायला सुरुवात केली तेव्हा गावात नाराजी झाली. त्यांची बाजू साधी होती: या बाहुल्या विकण्यासाठी केलेल्या आहेत, सणात द्यायच्या नाहीत. आज सही नसेल तर गिऱ्हाईक वळूनही बघत नाही.

आणि पिसं. जुन्या बाहुल्यांना खरी पिसं असत. १९१८चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आणि नंतरचा गरुडसंरक्षण कायदा यांमुळे अशी पिसं लावलेली वस्तू विकणं गुन्हा ठरतो. १९७०च्या दशकात अंमलबजावणी कडक झाली, तेव्हा कारागिरांनी पिसंही लाकडातच कोरायला घेतली. सरकारी कायद्यातून एवढं नाजूक कसब जन्माला आल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही. एकाच मुळातून कोरलेली, पिसाच्या कण्यावरचे तंतूसुद्धा दाखवणारी बाहुली आज सर्वांत महाग जाते. त्याच दशकात मॅनफ्रेड सुसुंकेवा यांच्यासारखे काही जण उलट दिशेने निघाले: मातीचे रंग, आखडते हात, बैठक नाही, गळ्याला दोरी.

तिसरी भानगड नकलांची. चामडं, कृत्रिम फर आणि रंगीत पिसं लावलेल्या, नवाहो कारागिरांनी केलेल्या बाहुल्या नैऋत्य अमेरिकेतल्या दुकानांत ढिगाने मिळतात. नवाहोंच्या धर्मात कत्सिना नाहीत. ही बाहुली नवाहो म्हणून विकली तर कायद्याने काही चूक नाही, होपी म्हणून विकली तर मात्र १९९०चा भारतीय कला व हस्तकला कायदा लागू होतो (इथे ‘भारतीय’ म्हणजे अमेरिकेतले मूलनिवासी, कोलंबसाची चूक अजून कायद्यात जिवंत आहे). व्यक्तीला पहिल्याच गुन्ह्यासाठी अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद. ग्रँड कॅनियन बघून परतताना कुणी मराठी प्रवासी बाहुली घेणार असेल तर एवढं विचारावं: करणाऱ्याचं नाव काय, जमात कोणती, कत्सिना कोणता, लाकूड मुळाचं आहे का, पिसं कशाची. होपी कारागिराकडून थेट घेतली तर या सगळ्याची उत्तरं तो न विचारताही देतो.

हे सगळं बाजाराने केलं, आणि होपींनी त्यातलं बरंचसं चालवून घेतलं. मोठे संग्रह उभे राहिले. अ‍ॅरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी ४३७ बाहुल्या १९६४ मध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली त्याच वर्षी, फिनिक्सच्या हर्ड संग्रहालयाला दिल्या. पॅरिसमध्ये कवी आंद्रे ब्रताँ आणि त्याच्या अतिवास्तववादी मित्रांनाही या बाहुल्यांचं वेड होतं. ब्रताँ १९४५ मध्ये होपी गावं प्रत्यक्ष बघून आला होता. तेव्हा २०१३च्या लिलावाला पॅरिसमध्ये गिऱ्हाईक का मिळालं, याचं उत्तर त्या शहराच्या जुन्या हौसेत आहे.

‘मित्र’ बाहेर कसे पडले

विक्रीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा खोडता येत नाही: काही मुखवटे होपींनी स्वतः विकले असणार. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात दारिद्र्य होतं, मुलांना सक्तीने निवासी शाळांत नेलं जात होतं, काही जण ख्रिस्ती झाले होते. घरी सांभाळायला दिलेला ‘मित्र’ कुणी व्यापाऱ्याला दिला असेल. पण होपी परंपरेत तो त्या माणसाच्या मालकीचाच नव्हता. कुळाचा, किव्हाचा, गावाचा तो. त्याच्याकडे फक्त राखण. त्याला वेळच्या वेळी खाऊ घालायचं, सणाला न्यायचं. जुन्या बाजारात कुळाचे चांदीचे टाक वजनावर विकायला आलेले बघून ज्याच्या पोटात ढवळलं असेल, त्याला ही मालकीची कल्पना कळायला कायद्याचं पुस्तक लागत नाही. टाक ज्याच्या देवघरात असतात त्याचे नसतात, ते कुळाचे असतात, आणि तरीही सोनाराच्या तराजूपर्यंत पोचतात.

चोऱ्याही झाल्या. सगळ्यांत वाईट १९७८ची. दुसऱ्या पठारावरच्या शुंगोपावी गावाच्या एका गुहेतून चार लाकडी मूर्ती पळवल्या गेल्या, ज्यांच्याविना तिथल्या तरुणांची पुरुषदीक्षा होऊ शकत नाही. चोरांना वाटलं जुन्या बाहुल्यांसारख्याच त्या विकल्या जातील. कुणी घेईना. त्यांतल्या एकाने पुढे सांगितलं की त्या त्याने जाळून टाकल्या. लाकडाचे चार तुकडे गेले आणि गावातल्या दीक्षा थांबल्या.

१९९०च्या मूलनिवासी अवशेष संरक्षण कायद्याने अमेरिकेत ही मालकीची कल्पना प्रथमच कागदावर आली. जमातीच्या सामूहिक वारशातली वस्तू कुणा एका सदस्याला विकता येत नाही, आणि तिचा व्यापार गुन्हा आहे, असं तो म्हणतो. होपी मुखवटे विकणाऱ्या एका दलालाला त्याखाली शिक्षाही झाली आणि १९९९ मध्ये अपील न्यायालयाने ती कायम केली. मात्र या कायद्यात मोठं भोक होतं. देशातला व्यापार त्याने अडवला, देशाबाहेर नेणं स्पष्टपणे अडवलं नाही. अमेरिकेत विकायला धोका, पॅरिसमध्ये नाही. माल त्या वाटेने गेला नसता तरच नवल.

न्यायाधीशासमोर

एप्रिल २०१३ मध्ये होपींच्या वतीने ‘सर्व्हायव्हल इंटरनॅशनल’ ही मूलनिवासींच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था न्यायालयात गेली. वकील पिएर सेर्व्हाँ-श्रायबर यांनी फी घेतली नाही. अमेरिकेच्या राजदूतांनीही विक्री पुढे ढकलण्याची विनंती केली होती. फ्रेंच कायद्यात मानवी देहाचा व्यापार करता येत नाही. माओरी लोकांची गोंदलेली मस्तकं न्यूझीलंडला परत करण्यासाठी फ्रान्सने २०१० मध्ये खास कायदाही केला होता. हे ‘मित्र’ होपींसाठी जिवंत आहेत, म्हणून त्यांना त्याच तऱ्हेने वागवावं, अशी मागणीची दिशा होती.

न्यायाधीशांनी ते मानलं नाही. या वस्तूंना होपींच्या लेखी पवित्र मूल्य असलं तरी त्यांची तुलना मृत वा जिवंत माणसाच्या देहाशी करता येणार नाही, असा निकालाचा आशय. फ्रेंच दिवाणी संहितेत जंगम वस्तू ज्याच्या ताब्यात तोच तिचा मालक असं गृहीत धरलं जातं. चोरी सिद्ध करायची तर ती नेमकी कोणती, केव्हाची, कुणाकडून, हे दाखवायला हवं. होपींची नोंद आठवणीत आणि विधींत असते. पावती कुठून आणणार?

मला हा निकाल कायद्याच्या चौकटीत चुकीचा वाटत नाही, आणि हीच त्यातली अडचण आहे. प्रश्न ‘देह की वस्तू’ असा मांडला की न्यायालय वस्तू म्हणणार. तो ‘हे विकण्याचा अधिकार पहिल्या विक्रेत्याला होता का’ असा मांडायला हवा होता, आणि तेवढ्यासाठी फ्रेंच कायद्यात तेव्हा दार नव्हतं. लिलाववाल्यांची भीतीही समजण्यासारखी आहे: आज होपींचं ऐकलं तर उद्या प्रत्येक पूजेतली वस्तू परत मागितली जाईल. जाईलच. आपल्या मंदिरांतल्या कितीतरी मूर्ती तशाच बाहेर आहेत.

त्या दिवशी हरलेल्या वकिलाने एक गोष्ट केली. तो स्वतः बोलीत उतरला, एक मुखवटा विकत घेतला, आणि जुलैमध्ये तो होपींच्या हवाली झाला.

फोनवरची बोली

९ डिसेंबर २०१३ला पॅरिसमध्येच दुसऱ्या एका लिलाव कंपनीने पुन्हा होपी मुखवटे काढले. पुन्हा अर्ज, पुन्हा नकार. या वेळी मात्र फोनवरून कुणीतरी एकामागून एक वस्तू घेत होतं. विकणाऱ्यांना आणि दालनातल्या इतर गिऱ्हाइकांना पलीकडे कोण आहे हे ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी कळलं: अमेरिकेतल्या अ‍ॅनेनबर्ग फाउंडेशनने २४ वस्तू सुमारे ५ लाख ३० हजार डॉलरना घेतल्या होत्या, त्यांपैकी २१ होपींच्या आणि ३ सॅन कार्लोस अपाचे जमातीच्या. सगळ्या परत करण्यासाठी. गुप्तता राखली कारण नाव फुटलं असतं तर भाव चढले असते.

गोष्ट सुंदर आहे, वर्तमानपत्रांनी ती तशीच सांगितली. पण संग्राहकाच्या नजरेने बघितलं तर यात एक खोच आहे. विकणाऱ्याला पूर्ण पैसे मिळाले. बाजाराला निरोप गेला की होपी मुखवटा आणा, कुणीतरी श्रीमंत माणूस घेईलच. २०१४, २०१५, २०१६, पॅरिसमध्ये असे लिलाव पुढेही होत राहिले. होपी सरकार स्वतः कधी बोली लावत नाही. आपलं परत मिळवायला पैसे मोजले की ते विकाऊ होतं हे मान्य केल्यासारखं होतं, अशी ही भूमिका. आपल्याकडे हा पेच नवा नाही. २००९ मध्ये गांधीजींचा चष्मा, घड्याळ आणि वहाणा न्यूयॉर्कच्या लिलावात विजय मल्ल्यांनी १८ लाख डॉलरना घेतल्या. २०२५ मध्ये नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावात मध्यस्थामार्फत घेतली, सुमारे ४७ लाख रुपयांना, आणि मुंबईत वाजतगाजत आणली. फोनवरची ती अमेरिकन बोली आणि लंडनमधला आपला मध्यस्थ यांच्यात पद्धतीचा काही फरक नाही. तरी तलवार ही तलवार आहे. तिला कुणी जेवू घालत नाही, आणि ती नसल्यामुळे कुणाची दीक्षा अडत नाही. तिच्या बाबतीत मी पैसे मोजण्याच्या बाजूचा आहे. ‘मित्रां’च्या बाबतीत माझं अजून ठरत नाही.

परत येण्याचीही एक कटू बाजू आहे. जुन्या संग्रहालयांत कीड लागू नये म्हणून वस्तूंवर आर्सेनिक मारलेलं असे. १९९०च्या दशकात परत आलेल्या होपी वस्तूंच्या तपासणीत ते सापडलं, आणि त्यांतल्या काही तोवर वापरातही आल्या होत्या. काचेमागे ठेवायच्या वस्तूला जे औषध, ते डोक्यावर घ्यायच्या वस्तूला विष.

कायदा हळूहळू मागून आला. न्यू मेक्सिकोतल्या आकोमा पुएब्लो या मूलनिवासी जमातीची चोरीला गेलेली पवित्र ढाल मे २०१६च्या पॅरिस लिलावातून मागे घ्यावी लागली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये घरी पोचली. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने असा वारसा देशाबाहेर नेण्यालाच बंदी घालणारा कायदा केला. एप्रिल २०१३च्या सत्तरांपैकी बहुतेक मात्र खासगी घरांत गेले.

ओराइबीचा प्रमुख

या प्रकरणाचा अभ्यास करताना मला सर्वांत अधिक शिकवलं ते न्यायालयात न गेलेल्या एका माणसाने. विल्सन तवाक्वाप्तेवा, ओराइबीचे किकमोंग्वी, म्हणजे गावाचे धर्मप्रमुख. सप्टेंबर १९०६ मध्ये ओराइबी फुटलं तेव्हा जमिनीवर रेषा ओढून दोन गटांत रेटारेटी झाली होती, हरेल त्याने गाव सोडायचं. तवाक्वाप्तेवांचा गट जिंकला आणि हरलेल्यांनी जाऊन होतेविला वसवलं. त्यानंतर सरकारने जिंकलेल्या प्रमुखालाही इंग्रजी शिकायला कॅलिफोर्नियातल्या शाळेत धाडलं. परत आले तेव्हा गाव ओस पडत चाललेलं.

म्हातारपणी ते प्रवाशांना बाहुल्या विकत. त्यांच्या बाहुल्या बघून जाणकार गोंधळत, कारण त्यांतली एकही कुठल्याच कत्सिनाशी जुळत नाही. कान एकाचे, रंग दुसऱ्याचा, गालावरची खूण तिसऱ्याची. चुकून नव्हे, मुद्दाम. धर्मप्रमुखाने कत्सिना विकायचा नाही, म्हणून त्यांनी असे कोरले जे कत्सिना नाहीतच. गिऱ्हाइकाला होपी प्रमुखाच्या हातची बाहुली मिळायची, गावातलं काहीच बाहेर जायचं नाही. १९६० मध्ये ते वारले. आज लिलावसूचीत त्यांच्या बाहुल्या त्यांच्या नावाने वेगळ्या दाखवतात, आणि संग्राहक त्यांच्यासाठी चढी बोली लावतात.